बाण उलटेही काढून बघ

वाचक विचारतात

ताई, मी २६ वर्षांची आहे. संख्याशास्त्रात एमएस्सी केलंय. गेल्या वर्षी खोलीच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला. मधोमध ‘भूक’ लिहिलं आणि बाण काढत गेले. दुष्काळातून भूक, भुकेतून स्थलांतर, स्थलांतरातून संघर्ष, संघर्षामुळे दवाखाने बंद, त्यातून रोगांच्या साथी, साथींमुळे गरिबी आणि गरिबीतून पुन्हा भूक. आता साठ-सत्तर बाण झालेत. कुठूनही निघाले तरी फिरून तिथेच येते. सध्या माझ्यासमोर दोन नोकऱ्या आहेत. एक लसीकरणाच्या नोंदी तपासणाऱ्या संस्थेत: कुठल्या भागात किती मुलांना लस मिळाली, कुठले आकडे पटत नाहीत, हे शोधायचं. दुसरी हवामान बदलावर मोहीम चालवणाऱ्या गटात. पहिलं काम मला मनापासून आवडेल, पण फार छोटं वाटतं. पृथ्वी तापत असताना मी रकाने तपासत बसू? दादा म्हणतो, जोवर युद्धं चालू आहेत तोवर लस काय आणि हवामान काय, सगळं वाळूत पाणी ओतणं आहे. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बातम्या वाचत बसते. झोप लागत नाही. कुठला प्रश्न निवडू? आणि एक निवडला तर बाकीच्यांकडे पाठ फिरवली असं नाही का होणार? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.
— बाणांत अडकलेली

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझे बाण बरोबर आहेत, हे आधी सांगते. कारण ‘इतका विचार करू नकोस’ हे वाक्य तू आजवर पुष्कळदा ऐकलं असशील. मी ते म्हणणार नाही. तुझा विचार जास्त झालेला नाही, तो अर्ध्यावर थांबलाय. तू प्रत्येक बाण एका संकटाकडून दुसऱ्या संकटाकडे काढलास. त्याच रेषेवरून उलटं कुणी चालत गेलंय का, हे अजून पाहिलेलं दिसत नाही.

म्हणून एक साखळी सांगते. तुझ्या कागदावर ती जशीच्या तशी बसेल.

१२ नोव्हेंबर १९७०. त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर रात्री चक्रीवादळ आदळलं. समुद्राची लाट सपाट बेटांवरून फिरली आणि कमीत कमी तीन लाख माणसं गेली. काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. वादळ येतंय हे हवामान खात्याला ठाऊक होतं. बेटावरच्या माणसाला काय करायचं, कुठे जायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि जायला उंच जागाही नव्हती. सत्ता हजार मैलांवर, मदत संथ. लोक संतापले. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली, पूर्वेकडच्या अवामी लीग या पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं, पण सत्ता काही त्याच्या हाती दिली गेली नाही. मार्च १९७१ मध्ये लष्कर उतरलं. युद्ध पेटलं. जवळपास एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. छावण्यांत पाऊस, चिखल, घाण पाणी, आणि मग पटकी, म्हणजे कॉलरा.

वादळ, सत्ता, युद्ध, निर्वासित, साथ. पर्यावरण, सुरक्षा, विकास, आरोग्य हे वेगवेगळ्या खात्यांचे विषय वाटतात ना? इथे आठ-नऊ महिन्यांत एकामागोमाग एक, एकाच माणसाच्या अंगावर आले.

आता पुढे वाच. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात दिलीप महालनबीस नावाचे डॉक्टर काम करत होते. पटकीचे रोगी जमिनीवर ओळीने पडलेले, आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात पाण्यात घातलं तर आतडं ते पाणी शोषून घेतं, हे ढाका आणि कलकत्त्यातल्या संशोधकांनी त्याआधीच दाखवलं होतं. पण प्रशिक्षित माणूस शेजारी नसताना हे नुसतं तोंडाने पाजायचं, यावर वैद्यकीय जगाचा विश्वास बसत नव्हता. महालनबीसांपुढे दुसरा मार्गच उरला नव्हता. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पिंपात कालवलं आणि पेले रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातात दिले. आईने मुलाला पाजायचं, भावाने भावाला. जिथे शंभरात तीसच्या आसपास मरत होते, तिथे ते प्रमाण चारच्या खाली आलं. आज आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, तिच्यावर जगाचा विश्वास बसला तो या छावणीत.

त्याच चक्रीवादळाच्या वेळी चितगावात एका तेल कंपनीत फझले हसन आबेद नावाचे हिशेबनीस मोठ्या पगारावर होते. मदत घेऊन ते बेटांवर गेले, जे दिसलं त्यानंतर जुनं आयुष्य त्यांना पुरेना. युद्ध संपल्यावर, १९७२ साली, परतणाऱ्या निर्वासितांसाठी त्यांनी एक छोटं काम सुरू केलं. तीच पुढे ब्रॅक ही संस्था झाली. १९८० पासून दहा वर्षं या संस्थेच्या बायका घरोघरी गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि मोजून घेतलेलं पाणी, एवढंच आयांना शिकवायचं. एक कोटीहून जास्त घरं झाली. आणि यातला तुझ्या कामाचा भाग असा: शिकवणारीचा पगार ती किती घरं फिरली यावर ठरत नव्हता. काही दिवसांनी दुसरंच कुणीतरी त्यातली निवडक घरं गाठायचं आणि आईला नेमकं काय आठवतंय, मिश्रण बरोबर जमतंय का, हे बघायचं. जेवढं आईच्या लक्षात राहिलं, तेवढी कमाई. नमुना तपासणीने शिकवण्याची पद्धतच बदलून टाकली. तू ज्याला रकाने म्हणतेस, ते हेच.

वादळाचं काय झालं? १९७० नंतर तिथे सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी मिळून स्वयंसेवकांची फळी उभारली. भोंगा आणि झेंडा घेऊन ती वस्त्यांमध्ये फिरते, म्हाताऱ्यांना उचलून निवाऱ्यात नेते. आज त्यात सत्तर हजारांहून जास्त माणसं आहेत, निम्म्या बायका. यश एका फटक्यात मिळालं नाही. १९९१ च्या वादळात पुन्हा १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली, कारण निवारे पुरेसे नव्हते आणि पुष्कळशा बायका घर सोडून निघाल्याच नाहीत. मग निवारे वाढवले, बायकांना फळीत आणलं. २००७ साली ‘सिद्र’ हे तेवढंच भयंकर वादळ आलं, तेव्हा अधिकृत आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. साडेतीन हजार घरांतला आक्रोश काही कमी नसतो. पण तीन लाखांशेजारी तो ठेवून बघ.

आणि मुलं? १९७० च्या सुमारास त्या देशात जन्मलेल्या हजार मुलांतली दोनशेहून जास्त पाचव्या वाढदिवसापर्यंत पोचत नसत. आता हा आकडा तीसच्या आसपास आहे. पूर, गरिबी, दाटीवाटी, राजकीय उलथापालथ यांतलं काहीच संपलेलं नसताना हे घडलं.

ही साखळी सांगताना मला एक भीती वाटते. संकटातून चांगलंच निघतं, असा अर्थ कुणी काढू नये. गेलेले गेले. मला एवढंच म्हणायचंय की ज्या रेषेवरून वादळाचं युद्ध झालं आणि युद्धाची पटकी झाली, त्याच रेषेवरून माणसं उलटी चालत गेली, आणि त्यांच्यातल्या एकानेही आधी सगळा नकाशा सोडवला नव्हता. महालनबीसांनी युद्ध थांबायची वाट पाहिली नाही. भोंगा घेऊन फिरणाऱ्या बाईने समुद्र तापायचा थांबण्याची वाट पाहिली नाही.

आता दादाचं. त्याचं म्हणणं झटकून टाकू नकोस, त्यात तथ्य आहे. सीरियात १९९९ नंतर पोलिओ नव्हता. युद्धाने लसीकरण मोडलं आणि २०१३ मध्ये मुलं पुन्हा लुळी पडायला लागली. येमेनमध्ये पाणी उपसणारी आणि सांडपाणी वाहून नेणारी यंत्रणा लढाईत कोलमडली आणि २०१७ संपेपर्यंत पटकीच्या संशयित रोग्यांची संख्या दहा लाखांवर गेली. बांधायला वीस वर्षं लागतात, मोडायला एक पावसाळा पुरतो. दोन्ही दिशांचे बाण सारख्या वेगाचे नसतात, हे तुला माहीत असायलाच हवं. तू या कामात शिरणार असशील तर तुझ्या डोळ्यांदेखत कुठली तरी मोठी मेहनत मातीत जाणार आहे.

पण ‘जोवर युद्धं आहेत तोवर काहीच नाही’ हे मात्र इतिहासाला धरून नाही. देवीच्या रोगाचंच बघ. १९५८ मध्ये जागतिक आरोग्य सभेत व्हिक्टर झ्दानोव या सोव्हिएत डॉक्टरांनी प्रस्ताव मांडला की हा रोग पृथ्वीवरून नाहीसा करू. शीतयुद्ध ऐन भरात होतं, दोन्ही बाजूंची अण्वस्त्रं एकमेकांवर रोखलेली होती. त्याच काळात सोव्हिएत संघाने लशीच्या कोट्यवधी मात्रा दिल्या, आणि मोहिमेचा प्रमुख होता एक अमेरिकी डॉक्टर, डोनाल्ड हेंडरसन. निसर्गतः झालेला शेवटचा रोगी १९७७ साली सोमालियातल्या मेर्का गावात सापडला. अली माओ मालिन, रुग्णालयात स्वयंपाकी होता. तो वाचला, आणि पुढे पोलिओच्या लसीकरणासाठी लोकांना समजावत फिरला.

एल साल्वादोरमध्ये १९८५ साली यादवी युद्ध चालू असताना सरकार आणि बंडखोर तीन दिवस बंदुका खाली ठेवायला तयार झाले, मुलांना लस टोचता यावी म्हणून. सुदानमध्ये १९९५ साली नारूसाठी शस्त्रसंधी झाली. हो, नारूसाठी, पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या त्या लांब जंतासाठी. जिमी कार्टर यांनी मध्यस्थी केली आणि जवळपास सहा महिने लढाई थांबली. कार्यकर्ते गाळणीची फडकी घेऊन अशा गावांत पोचले जिथे एरवी कुणी जाऊ शकत नव्हतं. नारूवर ना लस आहे ना औषध. पाणी गाळून प्यायचं आणि नारू बाहेर पडत असलेल्या माणसाला तळ्यात उतरू द्यायचं नाही, एवढाच उपाय. १९८६ मध्ये जगात वर्षाला ३५ लाखांच्या आसपास रोगी होते. अलीकडच्या वर्षांत ती संख्या विसाच्याही खाली असते. वीस लाख नव्हे, वीस माणसं. दादाला हे वाचून दाखव आणि विचार, ही वाळू होती का?

लस युद्ध थांबवते असं मी म्हणत नाहीये. सुदानचं युद्ध नंतर पुन्हा पेटलं, तिथल्या लोकांचे हाल आजही संपलेले नाहीत. पण शत्रूंना एका टेबलाशी बसवायला कधी कधी मुलाचं आजारपणच कारणी लागतं. शांततेचा बाण आरोग्याकडून निघालेला आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

दादाला एक आकडाही दे, त्याच्याच बाजूचा आहे. २०२४ मध्ये जगाने लष्करावर सुमारे २.७ लाख कोटी डॉलर खर्च केले. त्याच वर्षी श्रीमंत देशांनी गरीब देशांना दिलेली अधिकृत विकास मदत २१ हजार कोटी डॉलरच्या आसपास होती, आणि आदल्या वर्षीपेक्षा कमी. आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्का मदत म्हणून द्यावा, असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवलं होतं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, हे वचन पाळणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. मला याचा राग येतो. तुलाही यावा. पण हा राग दादाच्या वाक्याकडे नेत नाही, उलट जे थोडके पैसे आहेत ते नेमके कुठे पोचतात हे मोजणाऱ्या माणसाकडे नेतो.

म्हणजे तुझ्याकडे. पहिली नोकरी घे.

मी गोलमोल उत्तर देत नाहीये, तूही उगाच दोन्ही पारडी समान करत बसू नकोस. पत्रात तू लिहिलंस, ‘पहिलं काम मनापासून आवडेल’. मग पुढचं सगळं पत्र त्या वाक्याची माफी मागण्यात गेलंय. पृथ्वी तापत असताना रकाने कसे तपासू, असं विचारतेस. अगं, पृथ्वी तापतेय हे तुला कळलं तेच मुळी कुणीतरी रकाने तपासत बसल्यामुळे. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. दहा लाखांत ३१५ भाग भरला. औद्योगिक युगाआधी तो २८० च्या आसपास होता. मोजायला पैसे कशाला, असा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला, १९६४ मध्ये तर पैशांअभावी काही काळ मोजणी बंदच पडली. आज तो आकडा ४२० च्या वर आहे, आणि जगातल्या प्रत्येक हवामान कराराच्या मुळाशी तो एकच चढता आलेख आहे.

ओझोनचंही तसंच. सूर्याचे जहाल किरण अडवणारा हा थर फवारे आणि शीतकपाटांतल्या वायूंमुळे झिजेल, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये सांगितलं. लोकांना खडबडून जाग आली ती १९८५ मध्ये, अंटार्क्टिकावर भोक पडलंय हे कळल्यावर. ते शोधलं तिघा ब्रिटिश संशोधकांनी, जमिनीवरच्या एका जुन्या धाटणीच्या उपकरणाने. त्या ठिकाणी १९५७ पासून वर्षानुवर्षं तेच ते माप घेतलं जात होतं. अठ्ठावीस वर्षं त्या नोंदवहीकडे कुणाचं लक्ष नसणार. दोन वर्षांत, १९८७ साली, माँट्रियलचा करार झाला. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी त्याला मान्यता दिली, आणि थर आता हळूहळू भरून येतोय. मोहीम चालवणारे लागतातच, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांच्या हातात फलक येतो त्याच्या आधी कुणीतरी नोंदवहीशी बसलेलं असतं.

लसीच्या आकड्यांत तर तुझा सगळा भिंतीवरचा कागद दडलेला आहे. २०२४ मध्ये जगात १ कोटी ४३ लाखांच्या आसपास बालकांना पहिल्या वर्षात एकही लस मिळाली नाही. लस न मिळालेली निम्मी मुलं अशा २६ देशांत आहेत जिथे लढाई किंवा अराजक आहे, आणि या देशांत जगातली जेमतेम चौथाई बाळं जन्मतात. म्हणून कुठली मुलं सुटली हे तू शोधायला लागशील, तेव्हा युद्ध आपसूक तुझ्यासमोर येईल. काम सुरू केल्यावर तुला असे तक्ते दिसतील ज्यांत एखाद्या जिल्ह्याचं लसीकरण १०८ टक्के आहे. हसू येईल. मग लक्षात येईल की अंश बरोबर आहे, छेद चुकलाय. जनगणना जुनी आहे, किंवा शेजारच्या भागातून दुष्काळाने, पुराने, गोळीबाराने पळालेली कुटुंबं इथे आली आहेत आणि कुणाच्याच यादीत नाहीत. जिथून ती निघाली तिथे कागदावर ती अजून राहताहेत. त्या एका चुकलेल्या छेदात हवामान आहे, स्थलांतर आहे, संघर्ष आहे. तो छेद दुरुस्त करणं म्हणजे त्या मुलांना ‘तुम्ही आहात’ असं म्हणणं.

बिल फेगी या अमेरिकी डॉक्टरांचं नाव तुझ्यासारख्या मुलीला माहीत असावं. १९६६ च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात देवीची साथ आली तेव्हा त्यांच्याकडे सगळ्यांना पुरेल एवढी लस नव्हती. त्यांनी तिथल्या मिशनऱ्यांच्या रेडिओ संचांवरून विचारपूस केली: कुठल्या गावात रोगी आहे, कुठे नाही? नकाशावर खुणा केल्या, आणि होती तेवढी लस रोग्यांच्या भोवतालच्या माणसांना आणि साथ पुढे जाईल अशा जागी टोचली. साथ थांबली. सगळ्यांना टोचत सुटण्यापेक्षा ‘कुठे’ हे ठाऊक असणं जास्त मोलाचं, हे तिथे दिसलं, आणि पुढे जगभर देवी याच पद्धतीने हटली.

हवामानाबद्दल मी तुला खोटा दिलासा देणार नाही. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष होतं आणि औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत १.५ अंशांची रेघ ओलांडणारं पहिलं पूर्ण वर्षही. हवेत साचलेला कार्बन देवीसारखा घेरून हटवता येत नाही, तो शतकानुशतकं राहतो, आणि उशिराची किंमत इथे जितकी मोठी आहे तितकी फार थोड्या ठिकाणी असेल. त्या गटात कुणीतरी गेलंच पाहिजे. फक्त ज्या माणसाला बोलायला, जमवायला, भांडायला आवडतं त्याने जावं. तू दीड वर्षात थकशील. आणि हे प्रश्न दीड वर्षाचे नाहीत.

हे मी पुस्तकी सांगत नाही. तिशीत असताना मी चार वर्षांत तीन कामं धरली आणि तीन सोडली. आधी पाण्याचं, मग कुपोषणाचं, मग निर्वासितांसाठी भाषांतराचं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, पलीकडचा प्रश्न जास्त मोठा आहे, मी चुकीच्या जागी उभी आहे. कुपोषणाच्या कामातली एक सहकारी मी निघताना म्हणाली होती, ‘तुला काम आत्ता कुठे यायला लागलं होतं.’ ते वाक्य मला आजही टोचतं. त्या बायकांना माझा कळवळा नको होता, माझं तिसरं वर्ष हवं होतं. मी ते दिलं नाही. तू दे.

‘पाठ फिरवली असं होणार नाही का?’ होईल. या प्रश्नाला मी नाही म्हटलं तर तुला ते पटणारही नाही. एका मुलाच्या लसीचा हिशेब लावताना तू दुसऱ्या कुठल्या तरी जंगलाकडे, कुठल्या तरी सीमेकडे बघत नसशील. त्याची बोच राहील. ती बोच घेऊन काम करता येतं, मी कित्येकांना करताना पाहिलंय. उलट सगळीकडे एकाच वेळी तोंड करून उभं राहायचा प्रयत्न केला की माणूस रात्री दोन वाजता बातम्या वाचत बसतो, आणि त्याला वाटतं की आपण निदान बघतोय तरी. त्या बघण्याने कुणाचंही काही हललेलं नाही, तुझी झोप तेवढी गेली.

म्हणून बातम्यांचं सांगते. दिवसा एक वेळ ठरव, अर्धा तास पुरे. संध्याकाळनंतर नको. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. त्याच दिवशी कळायलाच हवं असं तुझ्या कामात फार थोडं असतं. त्याऐवजी वर्षातून एकदा निघणारे अहवाल नीट, पेन्सिल घेऊन वाच. १९९० मध्ये जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीहून जास्त मुलं दगावली. २०२२ मध्ये पहिल्यांदा ही संख्या ५० लाखांच्या खाली आली. ही बातमी तू रात्री दोन वाजता वाचली होतीस का? ती एका दिवसात घडत नाही म्हणून ठळक मथळ्यात येत नाही. आणि पन्नास लाख म्हणजेही दर मिनिटाला नऊ-दहा मुलं, तीही बहुतेक टाळता येण्यासारख्या कारणांनी. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिही. एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर डॉक्टरांकडे जा. हे मी सहज म्हणत नाहीये. थकलेल्या डोक्याला प्रत्येक बाण खालीच जाताना दिसतो.

शुक्रवारी होकार कळवण्याआधी त्या संस्थेला तीन गोष्टी विचार. आम्ही शोधलेली चूक कुणाच्या टेबलावर जाते आणि त्यानंतर काय होतं? ज्या भागाच्या नोंदी मी तपासणार तिथे मला वर्षातून किती वेळा जाता येईल? आणि पैसा कुठून येतो, किती वर्षांचा? तिसरा प्रश्न विचारताना संकोचू नकोस. मदत आटतेय, चांगली कामंही मध्येच बंद पडताहेत, आणि तुझं घरभाडं तुलाच द्यायचंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर धड आलं नाही तर मात्र थांब आणि मला पुन्हा लिही.

भिंतीवरचा कागद काढू नकोस. दुसऱ्या रंगाची पेन्सिल घे आणि या रविवारी ‘दवाखाने बंद’ या शब्दापाशी बस. तिथून उलटे बाण किती निघतात ते बघ. दादालाही शेजारी बसव, वाद घालत का होईना. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एक पूर्ण सकाळ लसीकरणाच्या सत्रात जाऊन काढ. काही करू नकोस, कोपऱ्यात बस. नर्स नोंद कशी करते, रांग लांबली की कुठला रकाना रिकामा सोडते, कुठली आई कार्ड विसरून आलीय आणि तिचं नाव मग कुठे लिहिलं जातं, ते बघ. दुपारी मला दोन ओळी पाठव.

तुझी,
ताई